मग ही माणसं जाणार कुठे?

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गमध्ये घरमालकाने बेकायदा राहणाऱ्यांना बाहेर काढायचा दावा लावला, की बऱ्याचदा महापालिकेलाही कोर्टात उभं राहावं लागतं. मालकीची कागदपत्रं चोख असली तरी न्यायाधीश विचारतात, ही माणसं जाणार कुठे?

वर्णभेदाच्या राजवटीत हे कुणी विचारत नव्हतं. १९५१ चा बेकायदा वस्तीविरोधी कायदा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या होत्याच, शिवाय जोहान्सबर्गमधली सोफियाटाउनसारखी नांदती वस्ती १९५५ पासून पोलीस आणि ट्रक लावून उठवली गेली. ती आठवण ताजी होती, म्हणूनच १९९६ च्या संविधानातलं कलम २६ इतकं स्पष्ट आहे: सगळी परिस्थिती पाहून न्यायालयाने आदेश दिल्याशिवाय कुणालाही घराबाहेर काढता येणार नाही. १९५१ चा कायदा १९९८ मध्ये रद्द झाला आणि पर्यायी जागा मिळू शकते का, हे पाहणं नव्या कायद्याने कोर्टाच्या गळ्यात घातलं.

पण जागा द्यायची कुणी? केप टाउनजवळच्या वॉलेसडीनमधले ३९० प्रौढ आणि ५१० मुलं चिखलपाण्याला कंटाळून शेजारच्या खासगी जमिनीवर गेली होती. मे १९९९ मध्ये तिथल्या झोपड्यांवर बुलडोझर फिरला. आयरीन ग्रूटबूम आणि इतरांच्या खटल्यात ऑक्टोबर २००० मध्ये संविधान न्यायालयाने सरकारला सुनावलं, की घरबांधणीची लांब पल्ल्याची योजना ठीक, पण आज उघड्यावर असलेल्यांसाठी तिच्यात काहीच नाही. त्यातून २००४ मध्ये आपत्कालीन घरांची योजना आली. न्यायालयाने घर मात्र कुणाच्या हातात ठेवलं नाही. ग्रूटबूमबाई २००८ मध्ये झोपडीतच वारल्या.

(आपल्याकडे १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी मुंबईच्या पदपथवासीयांचा उपजीविकेचा हक्क मान्य केला. पण पर्यायी जागा ही सरसकट पूर्वअट केली नाही. पावसाळा संपेपर्यंतची मुदत मिळाली.)

जोहान्सबर्ग महापालिकेची पळवाट बुजली ती १ डिसेंबर २०११ च्या ब्लू मूनलाइट निकालाने. साराटोगा अव्हेन्यूवरच्या जुन्या जागेत ८६ गरीब माणसं राहत होती. नव्या मालक कंपनीला ती रिकामी हवी होती. महापालिकेचं म्हणणं, धोकादायक इमारतींतून आम्ही हलवलेल्यांना निवारा देऊ, खासगी मालकाने काढलेल्यांना नाही. रस्त्यावर आलेल्या माणसाला या फरकाचं काय? न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मालकाने थोडी कळ सोसावी, पण त्याने कायमचं फुकट घर पुरवावं असं नाही, हेही बजावलं.

साराटोगातल्या त्या माणसांपैकी काहींना एकुथुलेनी निवाऱ्यात हलवलं, तर तिथे दिवसा बाहेर राहायचं आणि नवरा-बायकोने वेगळं झोपायचं! हे नियम २०१७ मध्ये रद्द झाले. निवारे मात्र कमीच राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये महापालिकेच्याच मालकीच्या उसिंदिसो इमारतीला आग लागून सत्तरहून अधिक माणसं गेली. शहराच्या कारभाऱ्यांनी बोट दाखवलं १९९८ च्या कायद्याकडे: त्याच्यामुळे माणसं हलवता येत नाहीत. चौकशी आयोगाने २०२४ मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं.