घोड्याची आंघोळ

घोड्याची कातडी व केस निरोगी राहावेत म्हणून त्याला पाण्याने किंवा साबणाने धुण्याची क्रिया. ग्रामीण विदर्भात घोडा आता मुख्यतः नवरदेवाच्या वरातीसाठी पाळला जातो; धनगरांच्या बिऱ्हाडासोबत ओझे वाहणारी तट्टेही दिसतात.

आंघोळ किती दिवसांनी, याला एकच आकडा लावता येत नाही. साधे पाणी, घाम आला की, रोजही चालते. साबण मात्र कामाच्या घोड्याला महिन्यातून एखाद्या वेळी पुरे. दावणीला उभ्या असलेल्या घोड्याला कित्येक महिने लावला नाही तरी काही बिघडत नाही. रोजची खरी स्वच्छता खराऱ्याने, म्हणजे अंग घासायच्या दातेरी साधनाने होते. केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून तेलकट स्राव येतो, खराऱ्याने व ब्रशने तो केसभर पसरतो. अंगाची चकाकी त्याचीच आणि पावसाचे पाणी निथळते तेही त्यामुळेच. साबणाने हे तेल वरचेवर धुऊन काढले की कोंडा होतो, खाज सुटते, केस राठ होतात. कपड्याचा साबण किंवा धुण्याची पावडर तर घोड्याला लावूच नये. घोड्याचा सौम्य शाम्पू वापरावा आणि आयाळीच्या व शेपटीच्या मुळाशी फेस अडकून राहत नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहावे. तोंडावर पाणी ओतू नये. ओल्या फडक्याने डोळ्यांभोवती पुसून घ्यावे. वरातीतला गुलाल तिथेच साचतो.

घोड्याला घाम सर्वांगाला येतो. उन्हातल्या जोराच्या कामात तो तासाला १० ते १५ लिटरपर्यंत जातो. त्यात मीठ भरपूर असते, शिवाय लॅथरिन नावाचे प्रथिन असते; तंगाखाली (खोगीर कसायच्या पट्ट्याखाली) पांढरा फेस दिसतो तो त्याचाच. हा घाम अंगावरच वाळला की मिठाचा थर धरतो आणि त्यावर पुन्हा खोगीर कसले की पाठ सोलवटते. विदर्भात लग्नसराई नेमकी एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांना टेकलेला असताना. घोडी जरीच्या झुलीखाली, बँडच्या गोंगाटात उभी असते. वरात पोचली की आधी झूल व खोगीर उतरवावे आणि पाठ, तंगाची जागा, मांड्यांच्या आतली बाजू धुऊन काढावी. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकले की अंग आखडते, हा समज खेड्यांत फार पक्का आहे आणि तो सुटला पाहिजे. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत दमट उकाड्यातील घोड्यांवर अभ्यास झाले, त्यांत अंगभर गार पाणी ओतत राहणे सुरक्षित व परिणामकारक ठरले. धापा टाकणारी घोडी कोरडी उभी ठेवणे हाच खरा धोका आहे.

पावसाळ्यात उलट वागावे लागते. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे अंग दिवसचे दिवस वाळत नाही. ओलसर कातडीत डर्माटोफिलस कॉन्गोलेन्सिस हा जिवाणू वाढतो. पाठीवर खपल्या धरतात आणि खपली उचलली की केसांचा झुबका रंगाच्या कुंचल्यासारखा मुळासकट हातात येतो. या दिवसांत आंघोळ कमी, आडोसा जास्त. काळ्या मातीचा चिखल खुरांच्या वर, सांध्यामागच्या खाचेत बसतो. तो धुतला तर ती जागा गोणपाटाने कोरडी करावी, नाहीतर भेगा पडतात.

हिवाळ्यात धुवायचेच झाले तर भर दुपारी, उन्हात. दसऱ्याला घोडा धुऊन सजवतात व पूजतात. वर्षातल्या मोजक्या साबणाच्या आंघोळींपैकी ती एक असायला हरकत नाही. आंघोळ झाल्यावर घोडा मातीत लोळतो. लोळू द्यावे, वाळल्यावर खरारा करावा.

आंघोळीने न येणारी चकाकी चाऱ्यातून येते. विदर्भातच पिकणारे जवस शिजवून थोडे खुराकात देण्याची जुनी पद्धत त्यासाठी चांगली आहे. अंगावर केस गेलेल्या गोल चकत्या दिसल्या तर मात्र ते गजकर्ण असू शकते. ते माणसालाही लागते. अशा घोड्याचा खरारा, ब्रश व झूल दुसऱ्याला वापरू नये आणि घासून धुण्याआधी पशुवैद्यकाला दाखवावे.