स्वयंपाकघराची खोली घेताय? आधी हे वाचा

मुरुडला आमच्या एकूण पाच खोल्या आहेत. मुरुड म्हणजे दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. जंजिऱ्याचं मुरुड वेगळं, ते रायगड जिल्ह्यात. हे सांगायचं कारण, तिकडे पोचून "समुद्र दिसतोय, पण तुमचं फाटक सापडत नाही" असा फोन करणारे पाहुणे अधूनमधून भेटतात.

पाचांपैकी तीन खोल्यांना स्वतंत्र स्वयंपाकघर आहे. त्यांचं भाडं रात्रीला ५०० रुपयांनी जास्त आहे. "मग ती घेतली तर परवडेल का?" हा प्रश्न आम्हाला फोनवर सगळ्यात जास्त विचारला जातो. प्रत्येकाला तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे कागदावर उतरवलं.

शनिवारी रात्री उशिरा येऊन रविवारी दुपारी निघणार असाल, तर स्वयंपाकघराची खोली घेऊ नका. तुम्ही फक्त एकदा चहा-पोहे कराल आणि त्यासाठी आम्हाला ५०० रुपये द्याल. त्यापेक्षा साधी खोली घ्या आणि नाश्ता गावात करा. दोन रात्री असतील तर विचार करा. तीन किंवा जास्त रात्री असतील, बरोबर लहान मूल किंवा पथ्याचं खाणारं वडीलधारं माणूस असेल, तर खुशाल घ्या.

हिशेब

खालचे दर अंदाजाचे आहेत. तुम्ही याल तेव्हाचे भाव घालून पुन्हा मांडा, गणित तेच राहील.

समजा, दोन मोठी आणि दोन मुलं. शुक्रवारी दुपारच्या जेवणाला पोचलात, सोमवारी सकाळी नाश्ता करून निघालात. म्हणजे तीन नाश्ते, तीन संध्याकाळचे चहा आणि सहा जेवणं. सगळं बाहेर खाल्लं आणि नाश्ता-चहा माणशी ८० रुपये, संध्याकाळचा चहा-भजी माणशी ५०, साधं जेवण माणशी २०० धरलं, तर ९६० अधिक ६०० अधिक ४८०० असे ६३६० रुपये होतात.

आता नाश्ता, संध्याकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण खोलीवर करा, दुपारी मात्र बाहेर जेवा. चौघांच्या पोहे-चहाला १०० रुपयांच्या वर जात नाही. संध्याकाळचा चहा-बिस्किटं ६०. रात्री एकदा खिचडी, एकदा पिठलं-भात, एकदा मासे, मिळून साडेसातशे. दुपारची तीन जेवणं २४००. एकूण ३६३० रुपये. म्हणजे २७३० वाचले. त्यातून आमचे जादा १५०० वजा केले की हातात १२३० राहतात.

दुपारचंही खोलीवरच केलंत तर आणखी साधारण १६५० वाचतील. पण ते करू नका, असं आमचं मत आहे. सकाळी समुद्रावरून यायचं, अंगाची वाळू काढायची आणि लगेच कणीक मळायला बसायचं. अशा तीन दुपारी गेल्या की पाहुणे दमून घरी जातात आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जातात. आमचं नुकसान होतं ते होतंच, पण तुमची सुट्टीही जाते.

खरी बचत जेवणापेक्षा मधल्या खाण्यात असते. मुलांना समुद्रावर दर दोन तासांनी भूक लागते. त्या भुकेचं उत्तर प्रत्येक वेळी गाडीवर शोधलं तर पाकीट तिथेच रिकामं होतं. खोलीवर केळी, उकडलेले शेंगदाणे, डबाभर चिवडा आणि लिंबाचं सरबत असलं की अर्धी लढाई जिंकली. आम्ही वरच्या हिशेबात हे धरलेलंच नाही.

घरून काय आणायचं

दर मे महिन्यात एक तरी कुटुंब डिकीत पाच किलो कणीक, दोन किलो तेल, कांद्यांची पिशवी आणि खलबत्ता घेऊन उतरतं. सोमवारी त्यातली चार किलो कणीक पुन्हा डिकीत चढते. मीठ, साखर, चहापूड, कांदे, बटाटे, अंडी, दूध हे सगळं इथे मिळतं. दुधाच्या पिशव्या मात्र गर्दीच्या दिवसांत सकाळीच संपतात, म्हणून आदल्या रात्री आम्हाला सांगून ठेवा. पालेभाजी आणि चांगले टोमॅटो हवे असतील तर येताना दापोलीच्या बाजारात थांबा, खाली गावात निवड कमी असते.

घरून आणायचे ते तुमच्या हातचे मसाले. गोडा मसाला, मालवणी मसाला, लसणाची चटणी, मेतकूट, ज्याच्याशिवाय तुमच्या घरी जेवण होत नाही ते. छोट्या डब्यांत, घट्ट झाकणाचं. किनाऱ्यावरची हवा दमट, उघडं राहिलेलं मीठ दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं आणि पापड मऊ पडतात.

दुसरी आणण्याजोगी गोष्ट म्हणजे अर्धं केलेलं काम. उपम्याचा रवा घरीच मोहरी, उडीद डाळ, कढीपत्ता, मिरचीच्या फोडणीवर कोरडा भाजून बरणीत भरा. इथे उकळतं पाणी घातलं की दहा मिनिटांत नाश्ता. खिचडीचे तांदूळ-डाळ घरीच मोजून, एका वेळेचं एका पिशवीत असं भरून आणा. चौघांना एका वेळी साधारण ३०० ग्रॅम तांदूळ पुरतात, नुसत्या खिचडीला २०० ग्रॅम तांदूळ आणि १०० ग्रॅम मूगडाळ. वाटेतल्या पहिल्या जेवणासाठी दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या करा, म्हणजे घाटातल्या हॉटेलचं बिल वाचतं आणि घाटात पोटही बरं राहतं.

तांदळाचं पीठ अर्धा किलो आणलंत तर घावनं करता येतील. दोन वाट्या पिठात मीठ आणि पाणी घालून ताकाइतकं पातळ करायचं आणि कडकडीत तापलेल्या तव्यावर ओतायचं. भिजवणं नाही, आंबवणं नाही. प्रत्येक स्वयंपाकघरात बिडाचा तवा ठेवला आहे तो याचसाठी. त्याला साबण लावू नका, एवढीच विनंती.

मासे

लोक इथे मासे खायला येतात आणि इथेच त्यांचे पैसे सगळ्यात जास्त जातात. म्हणून जरा सविस्तर.

हर्णै बंदर इथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. संध्याकाळी बोटी लागल्या की किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव सुरू होतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, वाळूवर बैलगाड्या, टोपल्या, आरडाओरडा. बघायला जाच. पण बोली टोपलीवर किंवा ढिगावर लागते, चार माणसांच्या कुटुंबाला त्यातलं काही पेलत नाही. बाजूला किरकोळ विकायला बसलेल्या मावश्यांकडे जा. पहिल्याच मावशीकडे थांबू नका, एक फेरी मारून भाव ऐका, मग घ्या.

सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी घेऊन खोलीवर केलीत तर हॉटेलच्या थाळीपेक्षा फारसं स्वस्त पडत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. सुट्टीच्या दिवसांत त्यांचे भाव चढलेले असतात. बचत करायची तर बांगडे, तारली, मांदेली घ्या. चौघांना किलोभर बांगडे भरपूर होतात. कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवा. डोळा पाणीदार आणि फुगीर, अंग बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. साफ करून, तुकडे करून द्यायला तिथेच सांगा. त्याचे थोडे वेगळे पैसे पडतात, पण ते द्याच. खोलीवर मासे साफ करायला बसलात तर अर्धा तास, नळाची कुंडी आणि आमची मांजर या तिघांशी झुंजावं लागेल.

बांगड्याला फार काही लागत नाही. हळद, तिखट, मीठ, ठेचलेला लसूण आणि आमसुलाचं पाणी लावून अर्धा तास ठेवा. निम्मे रव्यात घोळवून तव्यावर, निम्मे तिरफळं ठेचून तिखल्यात, म्हणजे घट्ट तिखट रश्श्यात. तिरफळाची बी काढून टाका, नाहीतर तोंड कडू होतं. बर्फ मागून घ्या आणि मासे त्याच रात्री संपवा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग मिळते. त्या दिवसांत सुकट, सोडे (सोललेली सुकी कोळंबी), सुके बोंबील घ्या. सोड्यांची खिचडी पावसात जशी लागते तशी मे महिन्यात लागत नाही.

आमच्या तीनपैकी एक स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी आहे. तिथली भांडी, तवा, विळी सगळं वेगळं. तिथे अंडंही शिजवू नये. ज्यांना तेच हवं आहे त्यांनी खोली ठरवतानाच सांगावं.

ज्या रात्री काहीच करावंसं वाटत नाही

अशी एक रात्र येतेच. तिच्यासाठी कुळथाचं पीठ जवळ ठेवा. दापोलीत दुकानात सहज मिळतं. तेलात मोहरी, हिंग, भरपूर लसूण, एखादी मिरची परतायची, तीन-साडेतीन वाट्या पाणी घालायचं, चार आमसुलं टाकायची. अर्धी वाटी पीठ थोड्या पाण्यात कालवून उकळीत सोडायचं आणि गुठळी न होऊ देता ढवळायचं. शेजारच्या शेगडीवर कुकरला भात. वीस मिनिटांत चौघं जेवायला बसतात. कुळथाची पिठी पातळच हवी, घट्ट झाली की भाताशी तिचं जमत नाही. पुण्याकडचे पाहुणे तिला बेसनाच्या पिठल्यासारखं घट्ट करतात आणि मग "हे असंच असतं का?" म्हणून विचारायला येतात.

स्वयंपाक कोण करणार?

हा विषय आमचा नाही, असं तुम्ही म्हणाल. पण वर्षानुवर्षं खिडकीतून दिसतं ते सांगतो. तीन पिढ्यांचं कुटुंब येतं. पुरुष आणि मुलं पाण्यात, आजी-आजोबा झोपाळ्यावर आणि एक बाई ओट्यापाशी. पैसे वाचले खरे, पण ते एकाच माणसाच्या सुट्टीतून वाचले. म्हणून निघण्याआधीच वाटून घ्या. नाश्ता बाबांचा, चहा मुलांचा, भांडी ज्याने स्वयंपाक केला नाही त्याची. पोहे भिजवायला आणि कांदा चिरायला फार शिक्षण लागत नाही.

पोळ्या-भाकऱ्या हा सगळ्यात वेळखाऊ भाग. गावातल्या एक ताई खोलीवर येऊन तांदळाच्या भाकऱ्या करून देतात. आदल्या दिवशी सांगावं लागतं. पैसे त्यांच्याच हातात द्या, आमचा त्यात वाटा नाही.

गॅस, वीज आणि भांडी

गॅस भाड्यात धरलेला आहे. सिलिंडर निळा, म्हणजे व्यावसायिक वापराचा, १९ किलोचा. घरगुती लाल सिलिंडर आम्ही इथे वापरत नाही, तसा नियमच आहे. तुम्ही घरून शेगडी किंवा छोटा सिलिंडर आणू नका. कोकण रेल्वेने खेडला उतरणार असाल तर मुळीच नाही. गाडीत ज्वलनशील वस्तू नेणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वातीचा स्टोव्ह पिशवीत घालून तीर्थाला जायचे आणि धर्मशाळेत खिचडी टाकायचे, ते दिवस संपले.

प्रत्येक स्वयंपाकघरात दोन शेगड्या, तीन लिटरचा कुकर, कढई, दोन पातेली, बिडाचा तवा, पोळपाट-लाटणं, विळी, सुरी, सांडशी, चहाची गाळणी, सहा ताटं-वाट्या आणि छोटा फ्रीज आहे. मिक्सरही आहे, पण पावसाळ्यात वीज जाते तेव्हा तो नुसता शोभेला. वाटणाचा बेत असेल तर वीज असेल तेव्हाच उरकून घ्या. वीज गेली की फ्रीज सारखा उघडू नका. शिजवलेला भात मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर बाहेर ठेवून सकाळी फोडणीला टाकू नका. जेवण झाल्या झाल्या फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर सरळ कमी भात लावा.

निघताना

मासळीचा कचरा ओल्या कचऱ्याच्या झाकणाच्या डब्यातच टाका, माडाच्या बुंध्याशी नको. तिथे टाकलात तर रात्री कुत्री आणि सकाळी कावळे येतात आणि झाडायला आम्ही येतो. सिलिंडरचा खटका बंद करा. कुकरची शिट्टी आणि रिंग मोजून परत ठेवा, या दोन वस्तू नेमक्या पाहुण्यांच्या पिशवीतून प्रवासाला जातात.

उरलेलं मीठ, साखर, न फोडलेलं तेल, चहापूड घरी नेऊ नका. ओट्यावरच्या फळीवर ठेवा आणि पाकिटावर तारीख लिहा. तुम्ही याल तेव्हा आधीच्यांनी ठेवलेलं काहीतरी तिथे असेल, ते बिनधास्त वापरा. किराणा घ्यायला जाण्याआधी ती फळी एकदा बघून घ्या.