फॅन-आर्टचे टी-शर्ट विकायचेत? आधी परवाना, मग नोंदणी

गणपती जवळ आले की पुण्यातल्या छपाईवाल्यांकडे एक ऑर्डर हमखास येते. ढोल-ताशा पथकाचा टी-शर्ट, पुढे पथकाचं नाव, मागे गाजलेल्या सिनेमातला नायक फेटा बांधून ढोल वाजवतोय. चित्र पथकातल्याच कुणीतरी काढलेलं असतं (दुसऱ्याच्या पात्राचं चाहत्याने काढलेलं असं चित्र म्हणजे फॅन-आर्ट) आणि बऱ्याचदा देखणंही असतं. मग कुणीतरी म्हणतं, "याचा कॉपीराइट काढून घेऊ आणि ऑनलाइन विकू." घोळ इथून सुरू होतो.

हात तुमचा असला तरी पात्र तुमचं नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे मूळ कलाकृतीची प्रत काढण्याचा किंवा तिच्यावरून नवी कलाकृती करण्याचा हक्क तिच्या मालकाचा. कलम ५२ मध्ये खासगी वापर, समीक्षा, बातमी अशा सवलती आहेत. चाहत्यांसाठी वेगळी सवलत नाही. 'सर्व हक्क मूळ मालकाकडे' अशी ओळ खाली टाकून सुटका होत नाही. उलट माल दुसऱ्याचा आहे हे ठाऊक होतं, याची ती लेखी कबुली ठरू शकते.

परवाना कसा मागायचा

यासाठी सरकारी अर्ज नाही. सिनेमाचा पहिला मालक सहसा निर्माता, पण वस्तूंवर चित्र छापण्याचे हक्क त्याने पुढे दुसऱ्या कंपनीला दिलेले असू शकतात. म्हणून पहिल्या पत्रात 'हे हक्क सध्या कुणाकडे आहेत' एवढंच विचारा. पुढे साधारणपणे पॅन, जीएसटी क्रमांक, व्यवसायाची नोंदणी, वस्तूंचे नमुने, विक्रीचा अंदाज आणि माल कुठे विकणार याची माहिती मागतात. रॉयल्टीशिवाय (म्हणजे विक्रीतल्या वाट्याशिवाय) किमान हमी रक्कम आगाऊ मागण्याचीही पद्धत आहे. दोनशे टी-शर्ट काढणाऱ्याला हे गणित क्वचितच परवडतं. अशा वेळी स्वतःचं पात्र काढलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

परवाना लेखीच हवा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशात माल पाठवणाऱ्यांनी ही ओळ नीट वाचावी.

नटाचा चेहरा हा आणखी वेगळा मामला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूर यांचं नाव, आवाज, चेहरा आणि 'झकास'सुद्धा परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरायला मनाई केली. २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या बाबतीत 'भिडू' या संबोधनाचाही प्रश्न तिथे आला. त्यामुळे निर्मात्याचा परवाना हातात असला तरी त्यात चेहऱ्याचा समावेश आहे का, ते बघा.

जुन्या सिनेमांचं सोपं असतं. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ चा, म्हणजे त्याची मुदत केव्हाच संपली. पोस्टर मात्र चित्रकाराचं असेल तर त्याच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजावी लागतात, म्हणून ते वेगळं तपासायचं.

स्वतःच्या चित्राची नोंदणी

नोंदणी सक्तीची नाही. चित्र काढल्याक्षणी हक्क तयार होतो. पण वाद झाला तर नोंदवहीतला उतारा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. अर्ज चित्रकार करू शकतो किंवा हक्क ज्याच्याकडे आहेत तो. नोकरीचा भाग म्हणून काढलेलं चित्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचं.

दिल्लीला जायची गरज नाही. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नमुना १४ भरायचा. शुल्क एका चित्राला ५०० रुपये. चित्र मालाच्या किंवा सेवेच्या संदर्भात वापरलं जात असेल किंवा वापरता येण्यासारखं असेल तर २,००० रुपये, आणि सोबत तसाच ट्रेडमार्क आधीच कुणाचा नाही ना, हे सांगणारं ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं शोध प्रमाणपत्रही लागतं. कागदपत्रांत चित्राच्या प्रती, अर्जदार स्वतः चित्रकार नसेल तर चित्रकाराचं ना-हरकत पत्र, आणि वकिलामार्फत अर्ज असेल तर वकीलपत्र.

फॅन-आर्ट अडकतं ते अर्जासोबतच्या अधिक तपशिलाच्या पत्रकात. काम मूळ आहे, की कॉपीराइट चालू असलेल्या कामाचं रूपांतर, असा थेट प्रश्न तिथे आहे. रूपांतर म्हटलं तर मूळ काम आणि परवानगी देणाऱ्याचं नाव-पत्ता भरावा लागतो. 'मूळ' म्हणून दडपून दिलं तर ते खोटं विधान, आणि नोंदवहीत खोटी नोंद करवणं हा कायद्याने गुन्हा आहे.

अर्ज केला की डायरी क्रमांक मिळतो. हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. त्रुटीचं पत्र आलं तर त्यातली मुदत चुकवू नका.

नोटीस आली तर

विक्री थांबवा, पण बिलं आणि शिल्लक मालाची नोंद ठेवा. माल जाळून टाकण्याचा सल्ला देणारे शहाणे भेटतील, ऐकू नका. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. छपाईवाल्यांनीही 'आम्ही फक्त छापतो' म्हणून निवांत राहू नये. उल्लंघनासाठी जाणीवपूर्वक बनवलेली किंवा जवळ ठेवलेली छपाईची साधनं कलम ६५ मध्ये येतात. स्क्रीन प्रिंटिंगची चढवलेली फ्रेमसुद्धा त्यात मोडू शकते.

चित्र खरोखर तुमचंच असेल तर घाबरून सही करू नका. बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध कलम ६० खाली तुम्हालाच दावा लावता येतो. मात्र समोरच्याने वेळेत रीतसर दावा दाखल केला तर हे कलम चालत नाही. दाव्याची रक्कम ३ लाख रुपये किंवा जास्त असेल तर प्रकरण व्यावसायिक न्यायालयात जातं, आणि तातडीचा मनाईहुकूम मागितलेला नसेल तर दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी करून बघणं सक्तीचं आहे. पुण्यातल्या मंडळींनी त्यासाठी शिवाजीनगर न्यायालयात चौकशी करावी.