मिस्किटो राजे इंग्रजांची कळसूत्री बाहुली होते का?

आजच्या निकाराग्वा आणि होंडुरासच्या कॅरिबियन किनाऱ्यावर मिस्किटो लोकांचे राज्य होते. ‘इंग्रजांनी जमैका या आपल्या वसाहतीतून मुकुट पाठवून हे राजे बनवले, त्यांच्या हाती काहीच नव्हते,’ असे सर्रास सांगितले जाते. हे चूक आहे.

या समजाला आधार मिळतो तो १९व्या शतकातल्या राज्याभिषेकांचा. १८१६, १८२५ आणि १८४५ मध्ये राजांचे अभिषेक बेलीझ या इंग्रजांच्या वसाहतीत, त्यांच्या साक्षीने झाले. त्या काळात इंग्रजांचा वरचष्मा होता, हे मान्यच करायला हवे. पण तेवढ्यावरून दोन शतकांचा इतिहास पुसता येत नाही.

१७२० मध्ये राजा जेरेमीने जमैकाच्या गव्हर्नरशी करार केला. जमैकाच्या डोंगरात लपलेल्या ‘मरून’ (पळालेल्या गुलामांच्या) बंडखोरांविरुद्ध माणसे हवी होती ती इंग्रजांना, आणि ती पुरवणार होते मिस्किटो. गरज कोणाची होती, ते इथेच दिसते. शिवाय सत्ता एकट्या राजाकडे नव्हती; गव्हर्नर, जनरल आणि ॲडमिरल हे मिस्किटो सरदार आपापला प्रदेश सांभाळत, राजालाही जुमानत नसत.

माझ्या मते सर्वांत ठोस पुरावा १७८७ चा आहे. स्पेनशी झालेल्या तहानुसार इंग्रजांनी किनारा सोडला. बाहुली असती तर तेव्हाच कोसळली असती. उलट १८०० मध्ये मिस्किटोंनी होंडुरासच्या किनाऱ्यावरील ब्लॅक रिव्हरची स्पॅनिश वसाहत उठवून लावली.

निकाराग्वाशी झालेल्या १८६० च्या मानाग्वा करारात, खुद्द ब्रिटनच्याच सहीने, राजाचा ‘वंशपरंपरागत प्रमुख’ झाला. १८९४ मध्ये निकाराग्वाच्या सैन्याने ही गादीही संपवली.