फांग जी नावाची दोन मुळं आणि लॅबमध्ये ती वेगळी कशी ओळखतात

चायनीज औषधांच्या दुकानात फांग जी मागितलं की सुकवलेल्या मुळाच्या चकत्या मिळतात, फिकट पांढुरक्या, पिठूळ, चवीला कडू. अंगावर सूज येणं, लघवी नीट न होणं, सांधे धरणं अशा तक्रारींवर तिकडचे वैद्य हे मूळ काढ्यात घालतात, जुनं रुळलेलं औषध आहे. पण या एका नावाखाली कित्येक वर्षं दोन वेगळ्या वेलींची मुळं विकली जात होती, आणि त्यातल्या एका मुळाने युरोपात शंभरावर माणसांच्या किडन्या कायमच्या खराब केल्या. हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो कारण लॅबमध्ये ही दोन मुळं वेगळी ओळखणं खरंच अवघड नाही, फक्त ती टेस्ट करायची कुणाला तरी आठवण व्हावी लागते.

पहिलं मूळ फन फांग जी, यालाच हान फांग जी पण म्हणतात, शास्त्रीय नाव स्टेफानिया टेट्रांड्रा. ही वेल आपल्या गुळवेलीच्या कुळातली. दुसरं ग्वांग फांग जी, शास्त्रीय नाव अरिस्टोलोकिया फांग्ची, दक्षिण चीनमधलं. ते बदकवेलीच्या कुळातलं, तीच बदकवेल जी आपल्याकडे बंगल्याच्या कंपाउंडवर शोभेला चढवतात. म्हणजे वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने ही दोन एकमेकांची लांबची पाहुणीसुद्धा लागत नाहीत, एकत्र आली ती फक्त बाजारातल्या नावामुळे. वर आणखी एक हानचोंग फांग जी आहे, ते परत अरिस्टोलोकियाच्या जातीचं, म्हणजे नुसतं हान शब्द ऐकून कुणी निर्धास्त झालं तर तिथेही फसणार.

अख्खं मूळ हातात असेल तर जाणकार माणूस बरंच सांगू शकतो. स्टेफानियाचं मूळ वेडंवाकडं, वळलेलं, जड असतं आणि वळणावर आडव्या खोल खाचा असतात, ग्वांगचं मूळ त्यामानाने सरळसोट, सालीवर उभ्या सुरकुत्या आणि कापलं की मधून बाहेर जाणाऱ्या गडद-फिक्या रेघा आलटून पालटून दिसतात. पण हे अख्ख्या मुळाचं झालं. एकदा चकत्या केल्या की निम्म्या खुणा जातात, पावडर करून कॅप्सूलमध्ये भरलं की डोळ्यांना काहीच कळत नाही, आणि चव घेऊन बघावं तर दोन्ही कडूच.

बेल्जियममध्ये नेमकं हेच झालं. ब्रसेल्समधल्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये १९९० पासून कॅप्सूलमध्ये दोन चायनीज वनस्पतींची पावडर घालायला सुरुवात झाली, एक मॅग्नोलियाची साल आणि दुसरी कागदोपत्री स्टेफानिया टेट्रांड्रा. त्याआधी ते क्लिनिक बरीच वर्षं चालू होतं आणि किडनीचा असा काही त्रास कुणाला झालेला नव्हता. १९९२ मध्ये तरुण बायका किडनी फेल होऊन हॉस्पिटलमध्ये यायला लागल्या, बायोप्सीत किडनीचा आतला भाग अक्षरशः जखमेचा व्रण पडल्यासारखा घट्ट झालेला, आणि सगळ्यांच्या हिस्ट्रीत हे एकच क्लिनिक. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीतज्ज्ञ ज्याँ-लुई व्हानहेरवेगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये या केसेस छापल्या. त्या पावडरीत स्टेफानियाची ओळख असलेलं टेट्रांड्रीन शोधलं तर ते मिळेना, आणि पुढच्या वर्षी कळलं की बहुतेक बॅचेसमध्ये अरिस्टोलोकिक अॅसिड, म्हणजे अरिस्टोलोकियातलं किडनीला घातक विष आहे, म्हणजेच फन फांग जीच्या जागी ग्वांग फांग जी आलं होतं.

२००० मध्ये याच पेशंटबद्दल आणखी वाईट बातमी आली. ज्यांच्या किडन्या पूर्ण गेल्या होत्या अशा ३९ जणांनी खबरदारी म्हणून किडन्या आणि मूत्रनलिका काढून घेतल्या, त्या तपासल्या तर १८ जणांमध्ये मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघाला. ज्यांनी एकूण २०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर खाल्ली होती त्यांच्यात धोका जास्त. २०० ग्रॅम म्हणजे काही महिन्यांच्या कोर्समध्ये सहज पोटात जाईल एवढंच.

आता दोघांच्या आतलं केमिस्ट्री बघू, सगळं उत्तर तिथेच आहे.

स्टेफानियात मुख्य म्हणजे अल्कलॉइड (वनस्पतीत बनणारे नायट्रोजन असलेले अल्कलीसारखे पदार्थ), टेट्रांड्रीन आणि फांगचिनोलीन. दोन्ही मोठे, जोडगोळीसारखे रेणू आहेत, फरक एका मिथाइल गटाचा, टेट्रांड्रीनचा रेणुभार ६२२ आणि फांगचिनोलीनचा ६०८. स्वभावाने अल्कली, म्हणजे सौम्य अॅसिडमध्ये टाकले की मीठ बनून पाण्यात उतरतात. चांगल्या मुळात हे भरपूर असतात, वजनाच्या शंभरात एक-दोन भाग. आणि इथे एक जागा आहे जिथे नवीन मुलं हमखास गोंधळतात, फांगचिनोलीन हे नाव वाचून वाटतं हे अरिस्टोलोकिया फांग्चीतलं असणार, तर तसं नाहीये, ते स्टेफानियाचं आहे. रिपोर्टमध्ये फांगचिनोलीन दिसलं तर ती बरोबर मुळाची खूण.

ग्वांग फांग जीत असतं अरिस्टोलोकिक अॅसिड, त्याचे मुख्य प्रकार एक आणि दोन, रेणुभार ३४१ आणि ३११. रंग पिवळा, स्वभाव आम्लाचा, आणि रेणूवर एक नायट्रो गट (नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजनचा जुडगा), जो निसर्गात बनलेल्या रेणूंमध्ये फार क्वचित दिसतो. सगळं नुकसान याच नायट्रो गटातून सुरू होतं. शरीरातली एन्झाइम्स त्याचं रूपांतर करतात, त्यातून जे काही बनतं ते डीएनएमधल्या अॅडेनीनला जाऊन चिकटतं आणि पेशी पुढे कॉपी करताना ए च्या जागी टी वाचतात. हा बदल इतका ठराविक आहे की ट्यूमरच्या डीएनएवरून सांगता येतं की या माणसाच्या पोटात कधीतरी अरिस्टोलोकिक अॅसिड गेलंय. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या गावांमध्ये पिढ्यान् पिढ्या जो किडनीचा आजार होता, ज्याचं कारण सापडत नव्हतं, त्याचाही उलगडा असाच झाला, तिथे गव्हाच्या शेतात अरिस्टोलोकियाची एक जात तण म्हणून उगवायची आणि तिचं बी पिठात जायचं.

प्रमाणातला फरक पण लक्षात घ्या. टेट्रांड्रीन शंभरात मोजायचं, अरिस्टोलोकिक अॅसिड ग्वांग फांग जीत सुद्धा साधारण हजारात एखादा भाग किंवा त्याहूनही कमी, आणि भेसळ थोडीच असेल तर दहा लाखात काही भाग. त्यामुळे ज्या पद्धतीने पहिलं सहज सापडतं त्या पद्धतीत दुसरं नजरेतून सुटू शकतं.

सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे प्लेटवर द्रावक चढवून सॅम्पलमधले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर सुटे करणं, आपल्याकडे आयुर्वेदिक कच्च्या मालासाठी जी एचपीटीएलसी करतात ती हिचीच सुधारित आवृत्ती. सिलिका जेलच्या प्लेटवर चार पट्टे टाकायचे, खात्रीची स्टेफानिया, खात्रीचं ग्वांग फांग जी, शुद्ध अरिस्टोलोकिक अॅसिड आणि चौथा आपला सॅम्पल. द्रावक प्लेटवर चढला, प्लेट सुकली, की आधी साध्या उजेडात बघा, ग्वांगच्या पट्ट्यात फिकट पिवळी रेघ कधी कधी नुसत्या डोळ्यांनी दिसते. मग २५४ नॅनोमीटरच्या यूव्हीत तीच रेघ हिरव्या पार्श्वभूमीवर काळी दिसते, पण तेवढ्यावर विसंबू नका, काळ्या रेघा बाकीच्या पदार्थांच्याही येतात. खरी गंमत पुढे आहे, प्लेटवर स्टॅनस क्लोराईड फवारायचं, मिनिटभर १०० डिग्रीला गरम करायचं आणि ३६६ च्या यूव्हीखाली धरायचं. जी रेघ आत्तापर्यंत काळी होती ती हिरवट-निळी चमकायला लागते, कारण नायट्रो गटाचं रिडक्शन होऊन अरिस्टोलॅक्टम बनतं आणि ते चमकतं. अंधाऱ्या कॅबिनेटमध्ये हे पहिल्यांदा बघितलेला माणूस परत विसरत नाही.

स्टेफानियासाठी वेगळी प्लेट आणि ड्रॅगेनडॉर्फचा फवारा (अल्कलॉइडना रंग देणारं रसायन), अल्कलॉइडच्या जागी नारिंगी-तपकिरी डाग उठतात. पण नुसता नारिंगी डाग दिसला म्हणून सॅम्पल पास करणं चूक आहे, कारण अरिस्टोलोकियाच्या जातींमध्येही मॅग्नोफ्लोरीनसारखे अल्कलॉइड असतात आणि त्यांनाही हा फवारा रंग देतो. डाग टेट्रांड्रीनच्याच उंचीवर आहे का हे शेजारच्या स्टँडर्डशी ताडून बघायला लागतं.

एचपीएलसीवर, म्हणजे नळीतून द्रव ढकलून पदार्थ सुटे करून मोजणाऱ्या यंत्रावर गेलात की आकडे मिळतात, पण इथे दोघांचे स्वभाव आडवे येतात. अल्कलॉइडचे पीक (आलेखावरचे उंचवटे) साध्या कंडिशनमध्ये शेपूट काढतात म्हणून लोक मोबाइल फेजमध्ये, म्हणजे त्या वाहत्या द्रवात, ट्रायइथाइलअमीनसारखं काहीतरी अल्कली घालतात, अरिस्टोलोकिक अॅसिडला नेमकं उलट, तिथे फेज आम्लधर्मी हवी. तरंगलांबी पण वेगळी, टेट्रांड्रीन २८० नॅनोमीटरच्या आसपास बघतात, अरिस्टोलोकिक अॅसिड २५० किंवा ३९० ला बघता येतं, आणि ३९० ला टेट्रांड्रीन काहीच शोषत नाही त्यामुळे तिथे आलेला पीक लगेच संशयास्पद ठरतो. म्हणजे एकाच रनमध्ये दोन्ही नीट बसवायचा हट्ट करण्यापेक्षा दोन वेगळ्या मेथड चालवलेल्या बऱ्या, वेळ जातो पण उत्तर खात्रीचं मिळतं. मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) हाताशी असेल तर काम सोपं, टेट्रांड्रीनचं आयन ६२३ ला, फांगचिनोलीनचं ६०९ ला, आणि अरिस्टोलोकिक अॅसिड एक अमोनियम धरून ३५९ ला येतं, अगदी कमी प्रमाण असलं तरी पकडतं. डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या ठराविक तुकड्यावरून जात ओळखणं) कच्च्या मुळाला छान आहे, पण काढा उकळून केलेल्या एक्स्ट्रॅक्टमध्ये धड डीएनए उरेलच याची खात्री नसते, तिथे परत केमिस्ट्रीकडेच यावं लागतं.

माझं ठाम मत असं की दोन्ही प्रश्न विचारल्याशिवाय फांग जीचा कुठलाही बॅच सोडू नये. टेट्रांड्रीन आहे का, आणि अरिस्टोलोकिक अॅसिड नाहीये ना. पहिलंच विचारलं तर मिसळलेला माल पास होतो, दुसरंच विचारलं तर तिसरीच कुठली तरी निरुपद्रवी मुळी फांग जी म्हणून खपते. आणि बरोबर मूळ मिळालं म्हणजे ते मनाने खायला मोकळे असंही नाही, टेट्रांड्रीन पेशींमधले कॅल्शियमचे मार्ग अडवतं आणि ब्लड प्रेशरवर परिणाम करतं, चीनमध्ये ते सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) साठी औषध म्हणून वापरलं जातं, त्यामुळे डॉक्टरला न विचारता प्रयोग नकोत.

असाच घोळ मू थोंग नावाच्या औषधात होता, खरं मू थोंग अकेबिया नावाच्या वेलीचं आणि बाजारात ग्वान मू थोंग म्हणून येणारं परत अरिस्टोलोकियाचं. चीनने ग्वान मू थोंगचं मानक २००३ मध्ये आणि ग्वांग फांग जीचं २००४ मध्ये रद्द केलं. पण जुना साठा, ऑनलाइन विक्री, नुसतं फांग जी एवढंच छापलेली पाकिटं, हे सगळं कागदावरच्या बंदीने आपोआप गायब होत नाही.

आपल्या लोकांनी पण याकडे लक्ष द्यावं याला कारण आहे. ईश्वरी म्हणजे सापसन, अरिस्टोलोकिया इंडिका, साप चावल्यावर गावाकडे देतात ती, ही त्याच जातीची वेल आहे आणि तिच्यातही अरिस्टोलोकिक अॅसिड असतं. सह्याद्रीतल्या कॉमन रोझ फुलपाखराच्या अळ्या तिची पानं खाऊन ते विष अंगात साठवतात म्हणून पक्षी त्यांना तोंड लावत नाहीत. परदेशात राहणारे आपले कितीतरी जण चायनाटाउनमधून वजनाच्या, सांध्याच्या पुड्या आणतात, त्यांनी पाकिटावर शास्त्रीय नाव आहे का ते बघावं आणि नसेल तर घेऊ नये. विक्रेत्याने लॅब रिपोर्ट दाखवला तर त्यात बॅच नंबर तुमच्या पाकिटाचाच आहे का ते ताडा, टेट्रांड्रीनचा आकडा टक्क्यांत दिलाय का ते बघा, आणि अरिस्टोलोकिक अॅसिडपुढे 'नॉट डिटेक्टेड' लिहिलं असेल तर शेजारी डिटेक्शन लिमिट, म्हणजे ती टेस्ट पकडू शकते ते कमीत कमी प्रमाण, किती पीपीएम (दहा लाखात किती भाग) आहे ते विचारा, कारण लिमिट लिहिलेली नसेल तर त्या शब्दांवरून पाकिटात काय नाही ते अजिबात कळत नाही.