थंडीत उघडणारी भेग

डिसेंबरात नाशिकच्या पेपरात रोज एक आकडा असतो: निफाडचा पारा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात सकाळी किती अंश नोंदले गेले, ते वाचून द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवायचं ठरवतात आणि आपण शहरातले लोक स्वेटर शोधतो. पण तो आकडा हवेचा असतो, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीच्या पेटीत मोजलेला. आपल्या गच्चीचा पारा वेगळा. निरभ्र रात्री तो हवेच्याही दोन-चार अंश खाली जातो.

कारण गच्ची रात्रभर आकाशाला उष्णता देत असते. प्रत्येक वस्तूतून अवरक्त किरण बाहेर पडतात. पावसाळ्यात ढग आणि बाष्प त्यातली बरीच उष्णता परत खाली पाठवतात. मार्गशीर्षात आकाश स्वच्छ आणि हवा कोरडी असते, मग गेलेली उष्णता फारशी परत येत नाही. म्हणून पहाटे स्कूटरच्या सीटवर आणि पत्र्याच्या शेडवर आधी दहिवर धरतं: पातळ, हलक्या वस्तू लवकर निवतात. विल्यम वेल्स या डॉक्टरांनी 1814 साली हे लोकरीच्या पुंजक्यांनी दाखवलं होतं. एक पुंजका फळीच्या वर ठेवला, एक फळीखाली. सकाळी वजन केलं तर उघड्या आकाशाखालचा जास्त भिजलेला निघाला. दव वरून पडत नाही, थंड झालेल्या वस्तूवर हवेतलंच बाष्प जमतं.

ही रात्रीची थंडी घराला काय करते? आपल्याकडे थंड देशांसारखं भेगांत पाणी गोठून भिंती फुटत नाहीत. आपल्याकडे दिवस-रात्रीचा फरक काम करतो. काँक्रीट दर अंशाला आपल्या लांबीच्या साधारण एक लक्षांश भागाने वाढतं किंवा आखडतं. गच्चीचा पृष्ठभाग पहाटे 8 अंशांवर आणि दुपारच्या उन्हात 38 वर गेला, तर 12 मीटर लांबीला हिशेब येतो 3.6 मिलिमीटर. स्लॅब आतपर्यंत तेवढा तापत-निवत नाही, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. पण दीड-दोन मिलिमीटरची ही ओढाताण रोज होते, आणि ताण सोसायला सिमेंट फार कच्चं. दाब जितका सोसतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढाच ताण त्याला पेलतो.

आमच्या गच्चीच्या कठड्यात एक उभी भेग आहे. मे महिन्यात ठेकेदाराकडून सिमेंटने भरून घेतली होती, डिसेंबरात त्याच जागी पुन्हा केसासारखी रेघ. या वेळी आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी थापी काढलीच नाही. त्यांनी भेगेवर आडवं, अंगठ्याएवढं प्लास्टर ऑफ पॅरिस थापलं आणि त्यावर पेन्सिलने तारीख घातली. नवव्या दिवशी ते मधोमध चिरलं. "ताई, ही भेग हलती आहे. सिमेंटनं भागायचं नाही," ते म्हणाले. ते थापलेलं प्लास्टर तसंच राहिलं असतं, तर भेग जुनी आणि निवांत समजून सिमेंटने भरता आली असती. एवढी साधी, दहा रुपयांत होणारी परीक्षा आधी कोणी करत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मे महिन्यातल्या दुपारी भेग मिटलेली होती. मिटलेल्या अवस्थेत भरलेला माल थंडीत ताणला जाणारच. पहाटे ती सर्वांत जास्त उघडते, पण तेव्हा कडा दहिवराने ओल्या असतात आणि ओल्यावर सीलंट नीट चिकटत नाही. म्हणून वेळ धरायची सकाळी दहाच्या सुमाराची: दव वाळलेलं, स्लॅब अजून तापलेला नाही. भेग खाचून रुंद करायची, ब्रशने धूळ काढायची, आणि रबरासारखं ताणलं जाणारं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरायचं. खाचेच्या तळाशी फोमची दोरी ठेवायला विसरू नका. सीलंट फक्त दोन्ही बाजूंना चिकटलं तर मोकळेपणी ताणतं, तळालाही धरलं तर फाटतं.

कोब्याचं किंवा गिलाव्याचं काम काढलं तर पाणी जास्त दिवस मारावं लागतं. थंडीत सिमेंट हळू घट्ट होतं आणि कोरडी हवा त्यातलं पाणी भराभर ओढते. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान दहा दिवस धरा.

आता रंग. नाशिकमध्ये बाहेरचा रंग दिवाळीच्या तोंडावर काढतात, आणि इथेच आपली मोठी चूक होते. चार महिने पाणी प्यायलेली वीट तीन आठवड्यांत वाळत नाही. वरून रंगाचा पापुद्रा बसला की आतलं पाणी अडतं. पौषापर्यंत पोपडे निघतात आणि त्यामागे पांढरी भुकटी दिसते, तोच लोणा. विटेतले, वाळूतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात. कोरड्या हवेत पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक वाढतात आणि रंगाला बाहेर ढकलतात. लोणा पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून, भुकटी सुपलीत गोळा करून फेका. भिंत वाळली का ते पाहायला फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर रंगारी महिनाभर थांबवा. सणाला घर जुन्या रंगाचं राहिलं तरी चालेल.

जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या वाड्यांना हे दुप्पट लागू आहे. चुन्याची भिंत श्वास घेते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, आणि लाकडी खांबाचा पाय कुजायला लागतो. तिथे चुनाच लावा.

सूर्याकडेही लक्ष द्या. नाशिक 20 अक्षांशावर आहे, डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसेहेचाळीस अंश वर असतो. तीन फूट कठड्याची सावली जवळपास तीन फूट पडते. त्यामुळे दक्षिणेकडच्या कठड्याची आतली बाजू आठवडेच्या आठवडे ऊन पाहत नाही, आणि पावसाळ्यातलं शेवाळ तिथे दहिवरावर तग धरतं. शेवाळ घासायचा पहिला ब्रश तिथे मारा. सोलर हीटरवर टाकीची सावली पडते का, तेही याच दिवसांत बघायचं. जूनमध्ये ती दिसत नाही.

भेगांत पिंपळाची रोपं असतील तर आत्ता काढा, पावसानंतर उगवलेली अजून बोटभर आहेत. नुसतं खुडू नका, मूळ निघेपर्यंत खाचा. मागच्या रविवारी आमच्या पावसाळी पाइपच्या तोंडातून असंच एक निघालं. पानं चार, मूळ माझ्या हाताएवढं लांब. त्यानंतर पाइपमध्ये बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा ते पहिल्यांदाच न तुंबता खाली गेलं.