क्रॉसिंगला अडकलेली यादी

‘ट्रेन्झ’ या रेल्वे सिम्युलेटरमध्ये चिपळूण ते रत्नागिरी मार्गाची प्रतिकृती उभी करणाऱ्या आमच्या गावातील एका मुलाने परवा मोठ्या विश्वासाने सांगितले, की गेममधला चालक आता मार्ग ‘शिकला’ आहे आणि एकदा नेलेली गाडी तो पुन्हा आपोआप नेतो. हल्ली कोणत्याही वस्तूच्या जाहिरातीवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिक्का मारलेला असतो, त्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे. तरीही तो चुकीचा आहे, आणि प्रत्यक्षात जे घडते ते मला कितीतरी अधिक सुंदर वाटते.

या गेममध्ये चालकाला आज्ञांची यादी दिली जाते: रुळावरच्या अमुक खुणेपर्यंत जा, डबे जोड, इतका वेळ थांब. एक आज्ञा पूर्ण झाली की ती यादीतून नाहीशी होते आणि पुढची सुरू होते, म्हणजे फेरी संपल्यावर चालकापाशी काहीच उरत नाही. म्हणूनच यादी ‘शेड्यूल लायब्ररी’त नावानिशी जपून ठेवतात आणि ‘कॉपी कमांड्स फ्रॉम’ या आज्ञेने तिची नक्कल हव्या त्या चालकाच्या हाती देतात.

ही कल्पना संगणकाच्या बाल्यावस्थेतली आहे. केंब्रिजमधील ‘एडसॅक’ हा संगणक मे 1949 मध्ये प्रथम चालला, आणि लवकरच तेथे वारंवार लागणाऱ्या आज्ञांचे गट कागदी फितींवर छिद्रे पाडून संग्रहात ठेवले जाऊ लागले. अडचण अशी होती की गटाच्या आत ‘स्मृतीतल्या 12 क्रमांकाच्या घरातील आज्ञेकडे जा’ असे लिहिलेले असेल आणि तो गट स्मृतीत 100 क्रमांकापासून बसवला, तर 12 चे 112 व्हायला हवे. तेथेच काम करणाऱ्या डेव्हिड व्हीलर यांनी यावर फार देखणा उपाय काढला: ज्या आज्ञेतील आकडा बदलायचा तिच्या शेवटी एक ठरावीक अक्षर लिहायचे, आणि फीत वाचतानाच सुरुवातीच्या घराचा क्रमांक त्या आकड्यात मिळवायचा. गट तोच, पण तो कुठेही बसतो. जपून ठेवलेल्या आज्ञेत काय पक्के लिहायचे आणि काय मोकळे सोडायचे, हाच सारा प्रश्न आहे.

ट्रेन्झच्या यादीत पक्के असते ते खुणेचे नाव. ‘आरवली’ ही खूण रुळावर थोडी पुढे सरकवली तरी यादी बदलावी लागत नाही, कारण यादीत नाव आहे, अंतर नाही.

पण याच पक्केपणाने त्या मुलाची गाडी अडवली. कोकण रेल्वे रोहा ते वीर दुहेरी झाली असली तरी चिपळूण ते रत्नागिरी हा भाग एकेरीच आहे, आणि समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी एका गाडीला स्थानकात थांबावे लागते. त्याने डाउन, म्हणजे रत्नागिरीकडे जाणाऱ्या, गाडीची जपलेली यादी घेतली, तिचा क्रम उलटा केला आणि अप, म्हणजे उलट दिशेच्या, गाडीला दिली. दोन्ही याद्यांत ‘संगमेश्वर लूप’ हीच खूण राहिली; लूप म्हणजे मुख्य रुळाशेजारी गाडी थांबवण्याचा बाजूचा रूळ. डाउन गाडी आधी पोचली, लूपमध्ये शिरली आणि समोरची गाडी येण्याची वाट पाहू लागली. अप गाडीला त्याच लूपमध्ये जायचे असल्याने ती स्थानकात शिरण्याआधीच्या होम सिग्नलबाहेर उभी राहिली. शेजारची मेन लाइन पूर्ण मोकळी होती, पण ती कोणाच्याच यादीत नव्हती. संगणकशास्त्रात या स्थितीला ‘डेडलॉक’ म्हणतात: प्रत्येकाला हवे ते दुसऱ्याने धरून ठेवलेले असते, आणि माघार घेण्याची आज्ञा कोणालाच नसते. खरोखर शिकणाऱ्या चालकाने शेजारचा मोकळा रूळ पाहिला असता.

मग आम्ही यादीचे तुकडे केले. आरवलीपर्यंतचा भाग, संगमेश्वरचा भाग आणि तिथून पुढचा भाग अशा तीन छोट्या याद्या प्रत्येक दिशेसाठी शेड्यूल लायब्ररीत वेगवेगळ्या ठेवल्या, आणि अप गाडीच्या मधल्या यादीत फक्त एक शब्द बदलून ‘संगमेश्वर मेन’ लिहिले. पुढच्या फेरीत डाउन गाडी लूपमध्ये उभी असताना अप गाडी शेजारच्या रुळावरून सरळ निघून गेली.